ना म्हणणाऱ्या बाई

कुमुद नार्वेकर बाईंना ‘ना-बाई’ हे नाव पेडण्यात पडलं की डिचोलीत, यावर दोन्ही तालुक्यांत अजून वाद आहे. पेडण्याचे लोक म्हणतात, आमच्याकडे. डिचोलीचे म्हणतात, आधी आमच्याकडे, मग तुमच्याकडे उष्टं गेलं. मी स्वतः डिचोलीचा, पण खोटं बोलत नाही. नाव पडलं पेडण्यात, माझ्या डोळ्यांदेखत.

माझा धंदा मांडवाचा. लग्न, बारसं, जत्रा, निवडणूक, कुठेही माणसं बसायची असली की खुर्च्या आणि सतरंज्या माझ्या. शिवाय जत्रेच्या नाटकांत मी राक्षस करतो. रंग न लावताही करू शकतोस, असं बायको म्हणते. तर एका संस्थेनं मला बोलावलं. ज्या मुलांना बसायला, बोलायला, गिळायला उशीर होतो किंवा जमतच नाही, ज्यांना झटके येतात, ज्यांचा श्वास घरघरतो, अशा मुलांसाठी त्यांना गावातच दवाखाना भरवायचा होता. एका गुरुवारी पेडण्याला, पुढच्या गुरुवारी डिचोलीला. जागा दोन्हीकडे देवळाच्या सभागृहातली, जिथे आमची नाटकं होतात तीच. गाद्या आणि पंखे माझे. मी टेंपोतून सामान आणायचो, मांडायचो, आणि खरं तर मग घरी जायला हरकत नव्हती. पण नाटकवाल्याला रंगमंच सोडून जाववत नाही.

पहिल्याच गुरुवारी पेडण्याची एक बाई चारेक वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून आली. डॉक्टर तरुण, गुणी, बोलायला मऊ. तिनं विचारलं, “दोतोर, झील चलतलो मगो?”

डॉक्टर म्हणाले, “बघूया. प्रयत्न करूया. हळूहळू...”

त्या बाईनं मान वळवली. शेजारच्या गादीवर एक बुटकी, रुंद, पांढऱ्या केसांची बाई बसली होती. मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि दुसऱ्या बायका कमरेला किल्ल्या खोचतात तसा हिनं स्टीलचा एक चपटा चमचा खोचलेला. त्या कुमुदबाई. मुलांना बोलायला आणि गिळायला शिकवणाऱ्या.

“बाई, तुमी सांगात. चलतलो?”

“ना,” कुमुदबाई म्हणाल्या.

आमच्या बोलीत ना म्हणजे सरळ नाही. डॉक्टरांचं पेन थांबलं.

“चालणार ना. पण बसेल. स्वतःच्या हातानं पाव मोडून खाईल. ते आपण करूया. चालण्याच्या मागे लागलीस तर बसायचंही राहील.”

ती बाई रडली. चांगली हमसून रडली. मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, “बसतलो?”

“बसेल.”

आणि तो बसला! एक दिवस आमच्या गादीवर बसून त्यानं पाव मोडला, निम्मा स्वतःच्या तोंडात आणि निम्मा माझ्या पंख्यात घातला. त्या दिवसापासून बाईंचा ‘ना’ दोन तालुक्यांत देवाच्या कौलासारखा चालू लागला. लोकांना कळलं, या बाईचा ना खरा आहे, म्हणजे होयसुद्धा खरा असणार.

‘बघूया’ या शब्दावर बाईंचा दात होता. डॉक्टरांच्या तोंडून तो निसटला की त्या गादीवरून म्हणायच्या, “बघूया हे औषध कुठल्या दुकानात मिळतं हो, डॉक्टर?” बिचारे लाल व्हायचे. पण चहाच्या वेळी बाईंच्याच शेजारी येऊन बसायचे.

आता बाई फोंड्याला भाचीकडे असतात. फोन केला तर घेतात, पण दवाखान्याचा विषय काढला की देवळातल्या गर्दीबद्दल बोलतात. म्हणून हे मी लिहितो आहे.

बाईंच्या दोन सवयी सांगायलाच हव्यात. एक म्हणजे त्या आधी मुलाला नमस्कार करायच्या, आईला नंतर. मूल ऐकतं की नाही, त्याला कळतं की नाही, याचा विचार नाही. “नमस्कार, वामनराव,” म्हणायच्या आणि थांबायच्या. मुलाची पापणी हलो, बोट हलो, लाळ गळो, काहीतरी होईपर्यंत थांबायच्या. मग आईकडे वळून म्हणायच्या, “उत्तर दिलं त्यानं. तू बोल आता.”

दुसरी सवय कानाची. मुलाला चमचाभर काही भरवलं की त्या आपला कान त्याच्या गळ्याशी न्यायच्या. तबलजी तबल्याला कान लावतो तसा. आत घोट कुठल्या वाटेनं गेला ते त्या ऐकायच्या. “या मुलांच्या गळ्यातला राखणदार मंद असतो,” त्या आयांना सांगायच्या. “पातळ ते धावत येतं. धावणाऱ्याला तो अडवू शकत नाही. मग ते पोटात जायचं सोडून फुप्फुसात घुसतं. घट्ट ते चालत येतं. चालणाऱ्याला तो वाट दाखवतो.” मग चमचा पेजेत बुडवून तिरका करायच्या. पेज पाण्यासारखी ओघळली तर नापास. चमच्यावर जरा रेंगाळून, विचार करून, मग थपकन पडली तर पास.

हे शिकवणं सोपं नव्हतं. आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला पेजेची निवळ पाजतात, वरवरचं पाणी. जितका आजार मोठा तितकी निवळ पातळ. जितकी माया जास्त तितकी आणखी पातळ. बाई म्हणायच्या, “या मुलुखात मला रोगाशी भांडायचं नाही रे, मायेशी भांडायचं आहे.”

भांडायच्याही. एकदा एक पंच फोटोवाल्याला घेऊन आले आणि एका मुलीच्या तोंडाशी लाडू नेला. बाईंनी त्यांचं मनगट हवेतच धरलं. “पंचसाहेब, हिला गिळता येत ना. तुमचा फोटो आज चांगला येईल. उद्या पेपरात वेगळा येईल.” पंचांनी तो लाडू स्वतः खाल्ला. फोटो तोच आला.

मलाही त्यांनी सोडलं नाही. एक मुलगा काही केल्या मान वर करत नव्हता. खुळखुळे झाले, घंटा झाली. बाईंनी मला हाक मारली, “ए राक्षसा, तुझी ती आरोळी दे बघू.” मी म्हटलं, बाई, पोरं घाबरतील. “घाबरू देत. दे.” मी दिली. जत्रेत शेवटच्या रांगेपर्यंत जाते ती. सभागृहातली सगळी पोरं एकदम रडायला लागली, एका आजोबांचा चहा सांडला, आणि त्या मुलानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आणि हसला!

“वन्स मोअर,” बाई म्हणाल्या.

आता सिंहासन. आमच्या नाटक मंडळाचं एक सिंहासन होतं. फणसाच्या लाकडाचं, दोन बाजूंना दोन सिंह, सोनेरी रंग. गिळायला त्रास असलेल्या मुलांना ताठ बसवून भरवावं लागतं. तशी खास खुर्ची मागवली होती, ती यायचं नाव नव्हतं. बाईंची नजर पडद्यामागच्या सिंहासनावर गेली. पुढच्या खेपेला मी आलो तर एक सुतार त्याचे पाय कापत होता.

“बाई! माझं राज्य गेलं!”

“तू राक्षस. तुझं राज्य तिसऱ्या अंकात जातंच. थोडं आधी गेलं.”

पाय गेले, पाठीला उशी लागली, मधे पट्टा आला. सिंहांना हात लावू दिला नाही मी. आणि त्या सिंहासनावर पहिली बसली दुर्वा.

दुर्वा सहा वर्षांची असेल. दोडामार्गकडच्या दाजी गावसची मुलगी. दाजी आधी खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्यावर मोपाला विमानतळाच्या कामावर खडी न्यायला लागला. कारापूरला भाड्याच्या खोलीत तिघं राहायची, तो, त्याची बायको सुनीता आणि दुर्वा. जन्मताच रडली नव्हती म्हणे. हातपाय कडक, मान डळमळीत, बोलणं नाही, डोळे मात्र टपोरे, सगळीकडे फिरणारे. बाईंनी तिला “नमस्कार, राणीसरकार” म्हटलं, तेव्हा तिनं इतकी मोठी जांभई दिली की बाई म्हणाल्या, “सरकार कंटाळल्या आहेत. लवकर आटपा.”

सुनीता पेज उत्तम करायची. भात मऊ शिजवून, घोटून, चमच्यावर विचार करणारी. बाईंनी तिला पहिल्या परीक्षेत पास केलं. सिंहासनही तिच्या घरी दिलं, मुलीला ताठ बसवून भरवायला. तरी दुर्वाला ताप यायचा, छाती भरायची, मोठ्या इस्पितळात न्यावं लागायचं. परत यायची ती आणखी हलकी होऊन. डॉक्टर म्हणाले, हे असं होत राहिलं तर एका खेपेला ती परत येणार नाही. दाजीला मऊ शब्दांत सांगितलं. बाईंनी ते कडक शब्दांत परत सांगितलं.

आणि एका गुरुवारी त्या सुनीतावर घसरल्या. सगळ्यांसमोर. “माझ्यासमोर घट्ट करतेस आणि घरी पातळ पाजतेस. खरं सांग.”

सुनीता खाली बघत राहिली. मग म्हणाली, “चुकला माझा, बाई.”

बाईंचं तेवढ्यानं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. पुढच्या गुरुवारी पेडण्याला जाताना मी त्यांना नेहमीसारखं टेंपोत घेतलं. नेहमीपेक्षा बरंच आधी निघायला लावलं होतं त्यांनी, नुकतं फटफटत होतं. टेंपो सुरू झाल्यावर म्हणाल्या, “आधी कारापूरला घे. सकाळी काय चालतं ते बघायचं आहे मला.”

गल्लीच्या तोंडाशी दाजीचा ट्रक उभा होता. खोलीचं दार उघडं. आम्ही दोघं बाहेरच्या अंधुकात.

आत दाजी खाकी शर्ट घालून, निघायच्या तयारीत, भिंतीला टेकून बसला होता. दुर्वा त्याच्या मांडीवर आडवी, मान मागे. हातात पेल्यात निवळ. एकेक चमचा तो तिच्या तोंडात सोडत होता आणि मधे मधे ओठांनी ट्रकचा आवाज काढत होता, घाट चढताना इंजीन कण्हतं तसा. “आता मोप इला... आता गाडी भरली... आता चढाव...” आणि दुर्वा हसत होती. दवाखान्यात ती हसलेली मी कधी पाहिली नव्हती. तिला ठसका लागत नव्हता. हेच त्यातलं वाईट. अशा काही मुलांना पाणी आत चुकीच्या वाटेला गेलं तरी खोकलाच येत नाही, हे बाईंनीच मला सांगितलं होतं.

चुलीपाशी सुनीता पाठ करून उभी होती. सगळं तिला दिसत होतं. म्हणजे रोजच दिसत असणार.

मला वाटलं, आता बाई आत घुसतात. पंचांचं मनगट धरणारी बाई! पण त्या उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या राहिल्या. त्यांचा हात कमरेच्या चमच्यावर होता. मग त्यांनी माझी बाही ओढली.

आम्ही टेंपोत बसलो. अस्नोडा मागे पडल्यावर म्हणाल्या, “सांगितलं तर तो तिला परत मांडीवर घ्यायचा ना.”

मला एवढंच समजलं की नवऱ्याच्या हातून तेवढं सुख जाऊ नये म्हणून सुनीतानं सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती. बाईंना ते माझ्याआधी समजलं होतं.

पुढच्या डिचोलीच्या गुरुवारी त्यांनी दाजीला मुद्दाम बोलावून घेतलं. खाडा करून आला बिचारा. बाईंनी भरसभेत जाहीर केलं, “दुर्वा आईच्या हातानं नीट खात ना. बापाच्या हातानं खाईल असं मला वाटतं. उद्यापासून सकाळी दाजी भरवणार. सिंहासनावर बसवून. घट्ट पेज. आणि ट्रक चालवायचा तो असा, ताठ रस्त्यावर. आडवा ना.”

“टरक?” दाजी दचकला. “तुमका कसा कळला?”

“तुझ्या ओठांवर डिझेल लागलंय.”

सगळे हसले. दाजीही हसला, ओठ पुसत. बाईंनी त्याला चमचा तिरका करायला शिकवलं, मुलीची हनुवटी किंचित खाली ठेवायला शिकवलं, गळ्याशी कान न्यायला शिकवलं. एवढा दांडगा माणूस वाकून पोरीच्या गळ्याला कान लावून बसला. “काय ऐकू येतंय?” “बाई, आत पावस पडल्यासारखा वाटता.” “मग थांब. पाऊस थांबला की पुढचा चमचा.”

त्याआधी बाई सुनीताला घेऊन रंगमंचाच्या पडद्यामागे गेल्या होत्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. मी राक्षस असलो तरी पडद्याला कान लावत नाही. (लावला होता. पंखा चालू होता, ऐकू आलं नाही.) बाहेर आल्या तेव्हा बाईंचं नाक लाल होतं आणि सुनीता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

ते वर्ष चांगलं गेलं. अख्ख्या पावसाळ्यात दुर्वाला ताप नाही. गालावर जरा मांस आलं. दाजी दर महिन्याला एक खाडा करून तिला स्वतः घेऊन यायचा आणि इतर बापांना चमच्याचं ज्ञान द्यायचा. फार बोलायचा. एका आईला “नापास!” म्हणाला तेव्हा बाईंनी त्याला चमच्यानंच हाणलं.

थंडीत तिला ताप आला. इस्पितळातून या वेळी ती परत आली नाही.

नंतरच्या एका गुरुवारी, दवाखाना संपत आला असताना, बाहेर ट्रकचा आवाज आला. दाजी सिंहासन घेऊन आला होता. धुतलेलं, पुसलेलं, एका सिंहाचा उडालेला रंग त्यानं कुठूनसा पिवळा आणून लावलेला. मी धरायला पुढे झालो. त्यानं एकट्यानंच उचलून ते बाईंच्या गादीजवळ ठेवलं.

“बस, दाजी,” बाई म्हणाल्या.

तो बसला नाही.

“बाई, एक इचारूचा हा. तुमी खोटां बोलूचे नाय, ह्या सगळ्यांका ठावक आसा. म्हणान तुमकाच इचारतंय.”

“विचार.”

“आदी मी रोज सकाळी तिका निवळ पाजीत होतंय. मांडयेर आडवी घेवन. तुमी माका घट्ट पेज शिकयल्यात, तेवाच माका कळला, कित्याक शिकयल्यात ता. इतके दिस इचारूक धीर नाय झालो.” त्यानं सिंहाच्या डोक्यावर हात ठेवला. “माझ्या हातान गेला काय माझा चेडू?”

डॉक्टर आपल्या टेबलाशी होते. ते उठून येतील असं मला वाटलं. आले नाहीत. ते बाईंकडे बघत होते.

“ना,” बाई म्हणाल्या.

एरवी म्हणायच्या तसाच. कोरडा, ताबडतोब, पंख्याच्या वर ऐकू जाईल असा.

“नाय?”

“ना, दाजी. तुझ्या हातानं ना.”

तेव्हा तो बसला. सिंहासनावर नाही, जमिनीवर. दोन्ही हात तोंडावर घेऊन बसला आणि त्याचे खांदे हलत राहिले. बाईंनी त्याला पाणी दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. फक्त शेजारी बसून राहिल्या, मुलाच्या उत्तरासाठी थांबायच्या तशा. नंतर तो उठला, त्यांच्या पाया पडला, आणि ट्रक घेऊन गेला.

मी गाद्या गुंडाळायला घेतल्या. बाईही गुंडाळू लागल्या. कधी करायच्या नाहीत.

“बाई,” मी म्हटलं, “खरंच ना?”

“मला कसं माहीत असणार? आधीच्या पाण्यानं किती बिघडलं होतं, नंतरचा ताप कशाचा होता, कोण सांगेल? डॉक्टरसुद्धा सांगू शकणार ना.”

“मग माहीत नाही असं म्हणायचं होतं.”

बाईंनी गादी घट्ट आवळली. “तेवढं ऐकायला त्यानं ट्रक इथवर आणला नव्हता.”

त्यानंतरचा गुरुवार पेडण्याचा. त्या दिवसानंतर बाई दवाखान्यात आल्या नाहीत. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी नेहमीसारखे पंखे लावत होतो; सिंहासनही टेंपोतून आणलं होतं. मोपाजवळच्या बांधकामावर काम करणारी, बेळगावकडची एक तरुण बाई आली. कडेवर दोनेक वर्षांची मुलगी. बाईंनी मुलीला सिंहासनावर बसवलं, पट्टा लावला, “नमस्कार, बाईसाहेब” म्हटलं, थांबल्या. मुलीनं सिंहाचा कान पकडला.

“उत्तर दिलं तिनं. तू बोल.”

त्या आईनं घाईघाईनं विचारलं, “बाई, ही बोलंल का हो?”

मला इतक्या वर्षांत बाईंच्या चेहऱ्यावरून उत्तर आधी कळायचं. त्या दिवशी काही कळलं नाही. बाईंनी तोंड उघडलं. मिटलं. सगळ्या गाद्यांवरच्या आया त्यांच्याकडे बघत होत्या, कारण ना-बाईंचं उत्तर ऐकायला नेहमीच सगळे थांबायचे.

“बघूया,” बाई म्हणाल्या.

ती तरुण बाई खुशीनं हसली. पलीकडे डॉक्टरांचं पेन थांबलं. बाईंनी कमरेचा चमचा काढला, पदरानं पुसला, परत खोचला, आणि वाकून त्या पोरीच्या गळ्याशी कान नेला. अजून तिला काहीच भरवलेलं नव्हतं.